माणूस जिथं, बटण तिथं

ग्रंथपालांच्या वाचायच्या दिव्याचे बटण स्वयंपाकघरात होते, शेगडीच्या उजव्या हाताला. दिवा मात्र बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या डोक्यावर. मध्ये एक भिंत, एक दार आणि अख्खा संसार.

हे वायरिंग त्यांच्या सासऱ्यांनी केलेले. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. गावातले जुने वायरमन. मुलीच्या लग्नानंतर तिच्या घरात दिवे लावायला आले तेव्हा त्यांनी जावयाला काहीच विचारले नाही. मुलीला विचारले, "हा जेवायला हाक मारल्यावर उठतो का गं?"

"पान संपलं की उठतो म्हणतात," मुलगी म्हणाली. "पण त्यांचं पान संपतच नाही."

नानांनी मान डोलावली आणि मधल्या भिंतीला भोक पाडायला घेतले. तेव्हापासून त्या घरात जेवायची हाक कोणी मारली नव्हती. ताट वाढले की बाहेरचा दिवा जायचा. कादंबरीतला खून कोणी केला हे कळायच्या बेतात असताना काळोख व्हायचा, आणि ग्रंथपाल पानात बोट घालून, चाचपडत, दाराच्या चौकटीला खांदा आपटत आत यायचे. कुणी पाहुण्याने याबद्दल आश्चर्य दाखवले की त्यांची बायको वडिलांचे वाक्य ऐकवायची, "दिवा कुठं आहे ते बघू नये. माणूस कुठं आहे ते बघावं. माणूस जिथं, बटण तिथं." आणि पाहुणा बाथरूमला गेला की तिथला दिवा कुठून लागतो हे शोधत पुन्हा बाहेर यायचा.

ग्रंथपालांची याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायची तर आधी आपले म्हणणे बरोबर आहे याची खात्री लागते, आणि ती त्यांना आयुष्यात कशाचीच झालेली नव्हती. दुकानात छत्री घ्यायला गेले तर ते दोन छत्र्या उघडून उभे राहत आणि तिसरीच घेऊन येत. कुणी काही विचारले की त्यांचे ठरलेले उत्तर होते, "बघू." या एका शब्दावर त्यांनी नोकरी केली, संसार केला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत सार्वजनिक वाचनालय चालवले. अडचण आली ती वाचनालयाला स्वतःची इमारत मिळाली तेव्हा.

बाजारातले भांड्यांचे दुमजली दुकान बंद पडून बरीच वर्षे झाली होती. शेठ गेले, मुले परगावी गेली, आणि शेवटी मुलांनी ती इमारत वाचनालयाला देऊन टाकली. खाली वाचनकक्ष आणि देवघेव, वर मुलांचा विभाग, असा बेत ठरला. आतापर्यंत लहान मुलांना बसायला जागा म्हणून नव्हती. ती दारातल्या पायरीवर बसून वाचत आणि येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जाई. त्यामुळे वरची ती मोठी, चार खिडक्यांची खोली बघून ग्रंथपालांना इतका आनंद झाला की त्यांनी तो कुणालाच सांगितला नाही.

घरी मात्र बातमी आधीच पोचली होती.

"नानांच्या दुकानात येणार म्हणे तुमचं वाचनालय!" बायको म्हणाली. दुकान शेठचे, इमारत शेठची. पण तिथले वायरिंग नानांचे, त्यामुळे तिच्या लेखी ते नानांचे दुकान होते. "थिएटर पाडलं. छापखाना पाडला. डॉक्टरांच्या बंगल्याचं सगळं नवीन केलं. नानांच्या हातचं म्हणून गावात काही उरलंय का? एक आपलं घर आणि एक ते दुकान. बरं झालं हो. आता तुमची माणसं नानांच्या उजेडात वाचणार."

ग्रंथपाल म्हणाले, "बघू."

बायकोने ते आनंदाचे उत्तर समजून चहा टाकला.

कार्यकारी समितीची बैठक रिकाम्या दुकानातच भरली. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. आयुष्यभर लोकांची तोंडे उघडी ठेवून स्वतः बोलायची सवय लागल्याने बैठकीत दुसऱ्या कुणाला फारसे बोलावे लागत नसे. या बैठकीला त्यांनी एका वायरमनला बोलावले होते. वायरमन तरुण होता, उत्साही होता. त्याने शिडीवर चढून तारांच्या एका पेटीचे झाकण काढले, आत बोट घातले आणि बोटावर आलेला काळा चुरा सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. आत तांबं आहे, वर नुसती श्रद्धा आहे. बाकी काही नाही."

"म्हणजे बदलावं लागेल?" अध्यक्षांनी विचारले.

"मी नाही सांगणार. तुम्ही ठरवा. चाललं तर अजून दहा वर्षं चालेल, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशीच फटाके वाजतील." मग त्याने भिंतीवरचा मोठा लाकडी बोर्ड न्याहाळला. काळ्या गोल बटणांच्या दोन रांगा होत्या. "पण हे केलंय कुणी हो? जिन्यातल्या दिव्याचं बटण फक्त वरच्या मजल्यावर! खालून जाणाऱ्यानं काय करायचं? ज्यानं केलंय ना, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय."

ग्रंथपाल खाकरले. "ते... वारले."

"शॉक लागून?"

"नाही. म्हातारपणानं."

"नशीबवान," वायरमन म्हणाला.

ते आपले सासरे होते, हे सांगायची हीच वेळ होती. ग्रंथपालांनी तोंड उघडलेसुद्धा. पण अध्यक्षांना उघडे तोंड दिसले की ते बोलायला लागत. "हे बघा, आपल्यात वाचणारा माणूस एकच. ग्रंथपाल. तेव्हा वायरिंग ठेवायचं की बदलायचं, हे तुम्ही अभ्यास करून ठरवा. तुम्ही म्हणाल ते समितीला मान्य. काय?"

"बघू," ग्रंथपाल म्हणाले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्याच वाचनालयातून घरगुती वायरिंगचे एक पुस्तक स्वतःच्याच नावावर घेतले. पुस्तक चांगले होते. पण त्यात जी चित्रे होती त्यांत प्रत्येक दिव्याचे बटण त्याच खोलीत होते. तेव्हा नानांच्या बाबतीत पुस्तकाचा उपयोग नव्हता. शेवटी एका दुपारी ते वायरमनला घेऊन दुकानात गेले. कुठले बटण कशाचे, हे तरी कळू दे, म्हणून वायरमन खाली बोर्डापाशी थांबला आणि ग्रंथपाल वर गेले.

"आला का?" वायरमन खालून ओरडला.

"कोण?"

"दिवा हो!"

"दिवा नाही आला. पंखा आला."

"कुठला?"

"मागच्या खोलीतला. पण... थांबा, आता गेला."

"मी अजून घालवला नाही!"

"मग तो आपणहून गेला."

असे तासभर चालले. मग वायरमन चहाला गेला आणि ग्रंथपाल थकून खाली गल्ल्याच्या जागी, शेठच्या जुन्या खुर्चीत बसले. बसल्यावर माणूस पाय पसरतो तसे त्यांनी पसरले. उजव्या पायाचा अंगठा कशाला तरी लागला, आणि समोरच्या भिंतीवरच्या रिकाम्या फळ्या लख्ख उजळल्या.

त्यांनी वाकून पाहिले. टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक काळे बटण होते. त्यांनी पुन्हा अंगठ्याने दाबले. फळ्या विझल्या. पुन्हा दाबले. उजळल्या. आणि एकदम त्यांना सगळे दिसले. गिऱ्हाईक स्वस्तातल्या पातेल्यांकडे वळले की शेठ गल्ल्यावर बसल्या बसल्या, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, अंगठा दाबत असणार. समोर पितळेचे हंडे झळाळून उठत असणार. गिऱ्हाईक तिकडे ओढले जात असणार, आणि त्याला वाटत असणार की हे आपलेच मन.

मग बाकीचेही उलगडत गेले. गोदामातला दिवा गल्ल्यावरून लागत होता, कारण गोदामात कोण केव्हा जाते ते शेठला कळायला हवे होते. वरच्या नोकरांचा पंखाही गल्ल्यावरूनच. तो का, हे न सांगताच कळण्यासारखे होते. जिन्याचे बटण वर, कारण दिवसा जिन्यात उजेड असे, आणि संध्याकाळी वरचा शेवटचा माणूस दिवा घालवूनच खाली आला की वर जाणारे कोणी उरतच नसे. वायरमनला जे वेड्याचे काम वाटले होते त्यात शेठचे अख्खे दुकान, त्यातल्या माणसांच्या खोड्यांसकट, भिंतीत भरून ठेवलेले होते. ग्रंथपालांना हसू आले. हे घरी जाऊन बायकोला कधी एकदा सांगतो असे झाले. आणि लगेच लक्षात आले की, सांगितले तर ती विचारणार, तुम्ही बटणं कशाला तपासत होतात?

ते वर गेले. मुलांच्या खोलीत जुना पंखा होता. त्याचे बटण, आश्चर्य म्हणजे, त्याच खोलीत होते. त्यांनी ते दाबले.

चट्ट झाले. बोर्डातून निळी ठिणगी उडाली आणि जळक्या रबराचा वास खोलीभर पसरला. बटण होते बरोबर लहान मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर. ग्रंथपाल मागे सरले. खिडकीखाली उन्हाचा चौकोन पडला होता. तिथे सतरंजी घालायची, असे त्यांनी मनात ठरवून ठेवलेले होते. कोण कोण तिथे बसणार, तेही त्यांना माहीत होते.

"बदला," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत कोणी नव्हते. ते जिन्याशी आले आणि खाली चहा पिऊन आलेल्या वायरमनला म्हणाले, "सगळं बदला."

आयुष्यात एवढा मोठा निर्णय त्यांनी कधी घेतला नव्हता. तो त्यांच्या शंकेला गाठता येण्याआधीच तोंडातून निसटला होता. आणि तो बरोबर होता. पुढे जे काही झाले त्यातही तो निर्णय चुकला असे कोणी म्हटले नाही. चुकले ते नंतरचे.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगायचे ठरवले. पण 'तुझ्या वडिलांचं काम मी उखडायला सांगितलं' हे वाक्य तोंडातून निघेल असे नव्हते. म्हणून त्यांनी पुस्तकी वळणाने सुरुवात केली.

"अगं, प्रत्येक गोष्टीचं एक आयुष्य असतं."

बायको भाजी निवडत होती. तिने वर पाहिले.

"ते संपलं की आपण कितीही धरून ठेवायचं म्हटलं तरी... म्हणजे मागं राहणाऱ्यांनी त्याचा त्रास करून घेऊ नये."

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"तसं नव्हे. मी सर्वसाधारण म्हणतोय."

"छातीत दुखतंय? खरं सांगा."

तिने त्यांना झोपवले, कपाळाला हात लावून पाहिला, आणि भावाला फोन करून सांगितले की यांचे काही खरे दिसत नाही. मेहुणा धावत आला. मग त्याच्यासमोर, उशीवर पडून, हातात गरम पाण्याची पिशवी घेऊन, वायरिंगचा विषय काढणे ग्रंथपालांना प्रशस्त वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मनाशी वाक्य जुळवले. खुर्चीत बसून ते अगदी ओठापर्यंत आणले, आणि दिवा गेला. जेवण तयार होते. काळोखात चाचपडत आत जाईपर्यंत वाक्य सांडले.

तिसऱ्या दिवशी त्यांना वाटले, काम होऊन गेल्यावरच सांगावे. काम होत आल्यावर वाटले, आता सांगून तरी काय उपयोग. माणसाला भ्यायचेच असले की सवडीने कारणे सापडतात.

वायरमनला मात्र त्यांनी एक विनंती केली. "ते जुने लाकडी बोर्ड तेवढे भिंतीवर राहू दे."

"जोडायचे?"

"नको. नुसते. तसेच."

"मेलेले बोर्ड कशाला ठेवायचे, साहेब?"

"शोभेला."

वायरमनने खांदे उडवले. "बरं. आणि ह्या जुन्या तारांचं काय करू?" तारांचे मोठे वेटोळे दाराशी पडले होते. काळे, धुळीने माखलेले. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असे. बाजाराचा दिवस होता आणि बायको याच रस्त्याने यायची.

"घेऊन जा," ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले. "आत्ता. भंगारवाल्याला देऊन टाका."

भिंती लिंपल्या गेल्या, रंग झाला, कपाटे आली, पुस्तके आली. नवी पांढरी बटणे संदर्भग्रंथांच्या कपाटामागे एका नेटक्या बोर्डावर बसली. दर्शनी भिंतीवर नानांचा लाकडी बोर्ड पूर्वीसारखाच होता, फक्त आतून रिकामा. आता कुणाला काही कळायचे कारण नव्हते. ग्रंथपालांना दोन रात्री चांगली झोप लागली.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर बायको पेटीतले ठेवणीतले कपडे काढून इस्त्री करत होती.

"तुम्ही मला बोलला नाहीत," ती म्हणाली. इस्त्री तिच्या हातात तशीच होती. "नानांचा बोर्ड राहावा म्हणून तुम्ही एवढा आग्रह धरलात, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"कोण... कोण म्हणालं?"

"अध्यक्षांचा फोन होता, तुमच्यासाठी. मी सहज म्हटलं, माझ्या वडिलांनी केलंय हो तिथलं काम. ते म्हणाले, काय सांगता वहिनी! तरीच ग्रंथपालांनी तो जुना बोर्ड हट्टानं ठेवून घेतला. मग म्हणाले, उद्घाटनाला पाहुणा बाहेरून कशाला आणायचा? तुमच्या वडिलांच्या बोर्डावरचं बटण तुम्हीच दाबा." तिने इस्त्री बाजूला ठेवली. "मी दादाला कळवलंय. आत्यालाही आणणार आहे तो. म्हाताऱ्या बाईला चालवत नाही, पण भावाचं नाव निघालं तर लोळत येईल. तुम्ही आहात मुखदुर्बळ, पण मनात किती असतं हो तुमच्या."

बोर्ड आतून मेलेला आहे हे अध्यक्षांनाही कुणी सांगितले नव्हते. सांगायची ही आणखी एक वेळ होती. यापेक्षा चांगली नव्हती, पण शेवटची होती. ग्रंथपाल तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. लग्नात होता तसा चेहरा झाला होता तिचा.

"बघू," ते म्हणाले, आणि चपला घालून वायरमनकडे पळाले.

"तो जुना बोर्ड एका दिवसासाठी जोडता येईल का हो? उद्घाटनाला आमची ही बटण दाबणार आहे."

"येईल की. भिंत फोडू?"

"नको, नको. रंग झालाय."

"मग नाही येणार." वायरमनने विचार केला. "सोपं आहे हो. मेन बटण कपाटामागं आहे ना? वहिनी जुनं बटण दाबतील, तुम्ही मागून नवं दाबा. हात बघून बरोबर टायमिंग साधायचं. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बापालाच कळेल हो," ग्रंथपाल पुटपुटले.

उद्घाटन दिवेलागणीच्या वेळेला ठेवले होते, म्हणजे उजेडाचे महत्त्व पटावे. हॉल भरला. पहिल्या रांगेत मेहुणा, आणि त्याच्या शेजारी आत्या, काठीवर हनुवटी टेकून. मुले जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. सवय एकदम जात नाही. ग्रंथपाल ठरल्याप्रमाणे कपाटामागे उभे राहिले. कोशांच्या दोन खंडांमधल्या फटीतून त्यांना बायकोचा हात स्पष्ट दिसत होता.

अध्यक्षांनी पुस्तकांविषयी भाषण केले, मग प्रकाशाविषयी, मग दातांच्या निगेविषयी. बाहेर अंधारून आले. "आता वहिनी बटण दाबतील," ते म्हणाले. ग्रंथपालांनी बोट नव्या बटणावर ठेवले. "पण त्याआधी, ज्यांनी हे सगळं घडवून आणलं आणि जे नेहमीप्रमाणे कुठंतरी मागं लपलेत, त्या आपल्या ग्रंथपालांनी पुढं येऊन दोन शब्द बोलावेत!"

टाळ्या झाल्या. कपाटामागून कोणी येईना तेव्हा खजिनदार स्वतः मागे गेले आणि त्यांना दंडाला धरून पुढे घेऊन आले. ग्रंथपाल माइकसमोर उभे राहिले. कपाट हॉलच्या दुसऱ्या टोकाला राहिले.

"मी... म्हणजे आपण सर्व..." ते म्हणाले.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "दोन म्हणजे दोनच शब्द! वहिनी, दाबा!"

बायकोने पदर सावरला, डोळे मिटले आणि नानांच्या बोर्डावरचे पहिले बटण खाली ओढले.

खट् असा आवाज झाला. भरीव, जुना, ओळखीचा आवाज. काही लागले नाही.

तिने डोळे उघडले. बटण वर केले, पुन्हा खाली ओढले. खट्. मग दुसरे. मग तिसरे.

"नीट दाब गं," आत्या मोठ्याने म्हणाली. "नानाचं बटण घट्ट असतं, पण कधी फसवत नाही."

ग्रंथपाल माइक सोडून निघाले. अंधुक उजेडात ते दोन रांगांमधून वाट काढत गेले, एका खुर्चीला अडकले, मेहुण्याच्या पायावर पाय दिला, कपाट गाठले, आणि हाताला लागेल ते बटण दाबले. सगळे पंखे एकदम सुरू झाले. आभाराचे कागद, कार्यक्रमपत्रिका, अध्यक्षांचे उरलेले भाषण, सगळे हवेत उडाले. त्यांनी घाबरून दुसरे दाबले, आणि हॉल लखलखीत उजळला.

त्या क्षणी बायकोचा हात बोर्डापासून लांब होता. तिने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिले. मग बोर्डाकडे. मग उजेड कुठून आला ते शोधत तिची नजर फिरत फिरत कपाटापाशी आली. तिथे तिचा नवरा एका नव्या पांढऱ्या बटणावर बोट ठेवून उभा होता.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जिन्यावरची मुले धडधडत वर पळाली. सगळ्यांबरोबर बायकोनेही टाळ्या वाजवल्या. ती बराच वेळ वाजवत होती. ग्रंथपालांना ते बघवेना.

मेहुणा आत्याला घेऊन गेला आणि ते दोघे चालत घरी निघाले.

"केव्हा बदललंत?" तिने विचारले.

त्यांनी सांगितले. ठिणगीचे सांगितले, वासाचे सांगितले, मुलाच्या हाताच्या उंचीचे सांगितले. हे सगळे इतके सरळ सांगता येत होते, याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

"मग बरोबरच केलंत," ती म्हणाली. "नाना असते तर त्यांनीच उपटलं असतं. तार म्हातारी झाली की भिंतीतून काढायची, माणसासारखं तिच्याकडून काम करून घ्यायचं नाही, असं म्हणायचे ते."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं. वाटू द्यायचं होतं." ती चालत राहिली. "मी येऊन बसले असते तिथं. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे ना त्या दुकानात, शिडी धरून उभी राहायचे. त्यांनी घातलेली तार निघताना बघितली असती. हातभर तुकडा घेतला असता. कुठाय ती तार?"

ग्रंथपाल घराची किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले. तिने पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाल्याने त्यांना अंगणातला एक ढीग दाखवला. वरचे रबर जाळून टाकलेले होते. लालसर तांब्याचा नुसता गुंता. "ह्यातच असणार तुमची. कुठलीही घ्या, साहेब. तांबं सगळं सारखंच."

खरे म्हणजे त्यातला कुठलाही तुकडा नेला असता तर तिला कळले नसते. त्यांनी एक उचललासुद्धा. मग परत ठेवला. इतक्या दिवसांत एवढेच एक त्यांनी नीट केले, आणि तेही कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

त्यानंतर घरात सगळे पूर्वीसारखेच होते. ती बोलत होती, हसत होती, संध्याकाळी दिवा घालवून जेवायला बोलावत होती. ग्रंथपालांना वाटले, मिटले. मग एका संध्याकाळी ते वाचनालयातून परतले तर भिंतींना ठिकठिकाणी ओला गिलावा होता आणि वायरमन शिडी उचलून निघाला होता.

"झालं साहेब, तुमचंही नवीन!" तो खुशीत म्हणाला. "वहिनींना ठरवायला मिनिटसुद्धा लागला नाही. आतमध्ये भयंकर होतं हो. तुम्ही जिवंत कसे, तेच कळेना. पण पद्धत तीच बघा त्या दुकानासारखी! कुणाचा हात होता कोण जाणे."

ग्रंथपाल आत गेले. टेबलावर जुन्या तारेचे एक वेटोळे होते, फडक्याने स्वच्छ पुसलेले. बायको त्याच्याकडे बघत बसली होती.

"तू मला विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"विचारणार होते," ती म्हणाली. "पण तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. खुर्चीच्या हाताशी भिंतीवर एक नवे पांढरे बटण होते. दाबायला इतके हलके की बोट नुसते टेकवावे. त्यांनी दिवा लावला आणि पुस्तक उघडले.

पुस्तक चांगले होते. पाने एकामागून एक संपत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज आले, मग ताटांचे, मग पाण्याच्या तांब्याचे. मग आवाज थांबले. ग्रंथपाल वाट बघत राहिले. दिवा काही जाईना. भूक लागली होती. गोष्टीतला माणूस मेला, त्याचा खून कोणी केला तेही कळले, आणि तरी दिवा तसाच जळत होता, कुणालाच त्यांची गरज नसल्यासारखा.

शेवटी त्यांनी बोट टेकवून तो स्वतःच घालवला. पानात बोट घातले, काळोखात उठले आणि सवयीने चौकटीला खांदा आपटत आत गेले.

दोन ताटे वाढलेली होती. बायको भिंतीशी, शेगडीच्या उजव्या बाजूला उभी होती. तिथे आता ओल्या गिलाव्याचा एक गोल डाग तेवढा होता, आणि तिचा हात त्याच्याजवळ होता.

"दिवा गेला," ग्रंथपाल म्हणाले. "म्हणून आलो."

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. पहिला घास घेण्याआधी त्यांनी विचारले, "ते बटण पुन्हा इथं घेता येईल का गं?"

तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. स्वतःच्या ताटात वाढली. वेटोळे उचलून फळीवर ठेवले, नीट दिसेल असे.

"बघू," ती म्हणाली.

ग्रंथपाल घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यांना कळेना. आणि इतकी वर्षे ती रोज हेच करत आली असणार, हे मात्र कळले.